तिरपं ऊन

सकाळी पावणेसातलाच पोचावं लागतं.
आठनंतर ऊन वर चढतं, दगड सपाट होतात,
अक्षरं आत बुडतात.
हे मला शमुवेल ठोंबऱ्यांनी शिकवलं,
कामठी रोडकडच्या या दफनभूमीचे राखणदार:
"तिरपं उन्ह पाह्यजे, म्याडम. तिरप्या उन्हात
मेलेलं अक्षरबी उठून बसते."

पिशवीत पाण्याची बाटली, रंगाऱ्याचा मऊ ब्रश,
जुन्या कपाटाचा आरसा,
आणि मे महिना, म्हणून एक कांदा.

तीस वर्षं सरकारी मुद्रणालयात मी मुद्रितं तपासली.
एक काना निसटला की कोणाची जमीन
कोणाच्या नावे जाते, ठाऊक आहे मला.
त्यामुळे इथे हात शिवशिवतात.
उत्तरेच्या भिंतीपाशी एकच मराठी दगड आहे:
'सगुणाबाई येशूदास. प्रभूत नीजली.'
नी दीर्घ.
शंभराहून जास्त वर्षं ती दीर्घच निजली आहे.
मी समासात खूण केली नाही.
फोटो काढला.

एका कर्नलच्या आडव्या चौथऱ्यावर
ठोंबरेबाईंच्या कुरडया वाळत असतात.
"फोटो घ्याचा असन तं उचलतो," त्या म्हणतात.
राहू द्या, म्हणते मी.
कर्नलला अजून कोणी विचारलेलं नाही.

विचारणारे दूर असतात.
आधी मुद्रणालयातल्या एस्तेरची बहीण, मग बहिणीची शेजारीण,
मग तिच्या चर्चमधलं कोणी कोणी.
खाकी वहीत आता चौदाशे बारा नोंदी आहेत:
ओळ, दगड, नाव, साल, आणि शेवटचा रकाना,
वाचता आलं का?
तिथे बहुतेक 'अर्धं' लिहिलंय.

सून म्हणते, आई, पण आपलं तिथं कोण आहे?
कोणी नाही.
आपल्यांची राख रामटेकला, अंबाळ्यात.
वडिलांचं नाव उरलं ते घाटावरच्या पावतीवर,
तिथेही 'शेशराव'.
पोटफोड्या ष कारकुनाला अवजड झाला असेल,
रांगेत मागे अजून तीन तिरड्या होत्या.
त्या पावतीचाही मी फोटो काढून ठेवलाय,
कोणी मागितला नसताना.

मार्चमध्ये पर्थहून डोरीनबाईंचं पत्र आलं.
वडील मॉरिस लॅझरस, रेल्वेत गार्ड.
साल तेहतीस की अडतीस, एवढंच बघाल का?
मी चौतीस सालातली, त्यांनी लिहिलं होतं.
मला एक माणूस आठवतो, त्याने मला उचलून
हातात कंदील धरायला दिला होता,
हिरवी काच, कोमट मूठ, कोळशाचा वास.
आठ असेल तर ते वडील.
तीन असेल तर दुसरं कोणी.

चार सकाळी गेले.
दगड पाण्याने भिजवला, वाळू दिला, पुन्हा भिजवला.
ठोंबरे आरसा धरून उभे राहिले,
कधी इकडून उजेड टाक, कधी तिकडून.
नाव सापडलं. हुद्दा सापडला. महिना, नोव्हेंबर.
शेवटच्या आकड्याचा डावा टवका उडालेला,
आणि उजवीकडून तीन आणि आठ
अगदी सारखे असतात.

"आठ टाकून द्या नं," ठोंबरे म्हणाले.
"मेलेल्याले काय फरक पडते,
आन् बुढीले लय पडते."

मी बोट फिरवून पाहिलं.
दगड रात्रीचा गार होता अजून.
नऊ वाजेपर्यंत तिथेच बसले, कांदा मुठीत धरून,
आणि घरी येऊन सगळे फोटो पाठवले, आकडा न लिहिता.
लिहिलं एवढंच: डावी बाजू झडली आहे.

सतरा दिवसांनी उत्तर आलं.
आठ स्पष्ट दिसतोय. तुमचे उपकार कसे फेडू?

वही उघडली.
लॅझरस, मॉरिस. ओळ नऊ, दगड चार.
पेन्सिल हातात होती, खोडरबर टेबलावर.
शेवटच्या रकान्यात 'अर्धं' आहे.
ते तसंच आहे.

पावसाळ्याआधी नवव्या ओळीतलं गवत
एकदा काढून घ्यायला सांगितलंय ठोंबऱ्यांना.